हत्यारांची हत्यारे

जुन्या हत्यारांच्या पेटीतली पटाशी, रंधा, गिरमिट, कानस ही मंडळी लगेच ओळख देतात, कारण लाकडाशी किंवा लोखंडाशी त्यांची गाठ कशी पडते हे त्यांच्या तोंडावरच लिहिलेले असते. अडते ते त्यांना धार लावण्यासाठी केलेल्या वस्तूंपाशी. परवा दुपारी पेटी उपसताना बिडाची एक जड वस्तू हाती आली. वर व्ही आकाराची पन्हळ, पन्हळीच्या टोकाशी एक छोटी पट्टी, खाली तिरक्या खिळीवर झुलणारा दांडा आणि बाजूला अंशांच्या खुणा. पाते नाही, दात नाही, टोक नाही. ओळखू न येणारी प्रत्येक वस्तू चामड्याच्या कामाची ठरवून मोकळे होणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, आणि अशा वस्तूंवर त्यांची हटकून नजर पडते.

या वस्तूंमध्ये जी जागा रिकामी सोडलेली असते ती वाचावी लागते. पन्हळीत काहीतरी गोल आडवे राहत असणार हे उघड होते. एक ड्रिल ठेवून पाहिले, तर ते चपखल बसले. ग्राइंडरच्या चाकाशी पन्हळीचा कोन ५९ अंशांचा भरत होता. दोन्ही बाजू मिळून ११८ अंश, म्हणजे सर्वसाधारण ड्रिलच्या टोकाचा कोन. खिळ तिरकी का, तेही दांडा झुलवल्याबरोबर कळले: कापणाऱ्या कडेच्या मागचा भाग त्यामुळे किंचित जास्त घासला जातो, आणि तो तसा घासला गेला नाही तर ड्रिल धातूत शिरतच नाही, नुसते वर तापत राहते. अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी पिळाच्या ड्रिलचे पेटंट १८६३ मध्ये घेतले. त्या ड्रिलची एक कड दुसरीपेक्षा जराशी लांब राहिली तरी भोक मापापेक्षा मोठे पडते. सराईत हात नुसत्या नजरेने हे सांभाळतो, बाकीच्यांसाठी ही पन्हळ.

गंज दिसला की तारेचा ब्रश घेऊन तुटून पडणाऱ्यांविषयीही माझे मत फारसे चांगले नाही. अंगठा कुठे टेकत असे ती गुळगुळीत झालेली जागा, चाकाने चुकून घेतलेला चावा, अर्धवट पुसलेली अक्षरे हा सगळा पुरावा त्या ब्रशाखाली जातो. स्क्रूचे आटेदेखील बोलतात. इंग्लंडमधले अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, आटे पाडणाऱ्या टूलला नेमका तोच कोन देण्यासाठी एक पातळ, खाचा पाडलेली पोलादी पट्टी वापरतात, आणि ही माशाच्या शेपटीसारखी पट्टी पेटीच्या तळाशी सापडली की लोक तिला कशाचा तरी तुटलेला भाग समजून टाकून देतात.

मला मात्र सर्वांत लळा आहे तो करवतीचे दात फाकवण्याच्या हत्याराचा. दिसायला ती पक्कड, पण जबड्याच्या जागी एक बारीक दट्ट्या आणि त्याच्यासमोर आकडे कोरलेली, तिरप्या कडेची फिरती चकती. लहानपणी आमच्याकडे कामाला येणारे सुतारकाका दुपारच्या वेळी दोन फळ्यांमध्ये करवत आवळून बसत. ते एक दात सोडून एक दात त्या पकडीत धरून दाबत, मग करवत उलटी फिरवून उरलेले दात दुसऱ्या बाजूला झुकवत, आणि मग तिकोनी कानस सुरू होई, जिच्या आवाजाने आम्ही मुले कानांवर हात ठेवून तिथेच उभे राहत असू. सगळे झाल्यावर काका करवत दात वर करून डोळ्यांसमोर धरत, दातांच्या दोन रांगांमध्ये तयार झालेल्या खोबणीत एक सुई ठेवत आणि करवत हळूच तिरपी करत. सुई अडखळली की त्या जागेचे दात पुन्हा पकडीत जात. शेवटपर्यंत सरळ घसरत गेली, तरच करवत लाकडाला लागे. दात असे फाकवलेले नसले तर चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडत नाही आणि करवत लाकडात अडकून बसते, हे मला फार पुढे कळले. तेव्हा सगळे लक्ष सुईकडे असे.

धार लावताना रंध्याचे पाते ठरावीक कोनात धरणारी, छोट्या चाकावर चालणारी चिमटी त्या मानाने फारच सालस. पाते ३८ मिलिमीटर बाहेर काढले तर ३० अंश, ५० काढले तर २५, असे काहींच्या अंगावरच छापलेले असते. तिच्याबद्दल कोणी कधी वाद घालत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलण्यातही मजा नाही.

वाद उरतो तो घरी केलेल्या तुकड्यांबद्दल. झिजलेली कानस कापून, वाकवून, भोक पाडून कोणीतरी स्वतःच्या एकाच कामासाठी केलेला, काहीतरी धरून ठेवणारा तुकडा. एका बाजूला कानसीचे दात अजून दिसतात. त्यावर नाव नाही, क्रमांक नाही, त्याचा कॅटलॉग कधी निघालाच नाही. त्यात काय बसत असे हे एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो माणूस आता नाही. अशा तुकड्यांपुढे मी तर्क लढवत नाही. तेल लावून ठेवून देतो, म्हणजे निदान गंज तरी चढणार नाही.