चालत्या इंजिनाला गंज कुठला!

शनिवार

डब्ल्यूडी ऑस्टेरिटी आज एकदाची टेबलावर आली. बाकमन कंपनीचं वाफेच्या रेल्वे इंजिनाचं तयार मॉडेल, २-८-० (पुढे दोन छोटी चाकं, मध्ये आठ मोठी, मागे एकही नाही), ओओ स्केल. सेकंडहँड आहे, पण आधीच्या मालकाने डब्यातून फारसं काढलेलं दिसत नाही. बॉयलर काळा, केबिन काळी, टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) काळं, सगळं एकाच काळ्यात आणि तुकतुकीत. कारखान्याचं काम चोख आहे. रिव्हेट, पाइप, हँडरेल, जिथल्या तिथे. फक्त हे इंजिन खऱ्या आयुष्यात असं जवळजवळ कधी दिसलंच नाही.

डब्ल्यूडी म्हणजे वॉर डिपार्टमेंट. दुसऱ्या महायुद्धात युरोपात उतरणाऱ्या फौजांच्या मागे माल ओढायला झटपट आणि स्वस्तात बनणारी इंजिनं हवी होती. इंजिनिअर आर. ए. रिडल्स यांनी स्टॅनियर या इंजिनिअरच्या ८एफ या मालगाडीच्या इंजिनाचा पाया घेतला आणि जे जे टाळता येईल ते टाळलं. पोलादाच्या ओतकामाऐवजी पत्रे जोडले, नक्षीला काटच मारली. १९४३ ते १९४५ या काळात अशी ९३५ इंजिनं निघाली. ५४५ ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची, ३९० लँकशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीची. ही व्हल्कन फाउंड्री म्हणजे तीच, जिने बोरीबंदर-ठाणे मार्गाची १८५३ सालची इंजिनं बनवली होती. म्हणजे आपलं आणि या काळ्या धूडाचं आजोळ एकच.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश रेल्वेने त्यातली ७३३ घेतली आणि ९०००० ते ९०७३२ असे नंबर दिले. निकडीपोटी बनलेली ही इंजिनं १९६७ पर्यंत कोळसा ओढत राहिली. रेल्वेवाले त्यांना ‘डब-डी’ म्हणत. मागेपुढे होणाऱ्या दांड्यांचं वजन नीट तोललेलं नसल्याने चालताना खडखडाट फार. आणि पुसायचं तर नावच नाही. त्या काळात शेडमध्ये सफाईला माणसं मिळेनाशी झाली होती. पॅसेंजरची इंजिनंसुद्धा मळकट फिरायची, मग मालगाडीच्या इंजिनाला फडकं कोण लावणार?

म्हणूनच मला हे इंजिन हवं होतं. माझ्या मॉडेलचं शेड इंग्लंडमधलं वेकफील्ड, कोड ५६ए. मी इथेच राहतो, घरापासून जवळ आहे आणि तिथे डब-डींचा भरणा होता. वेकफील्डच्या जुन्या फोटोंत तर दुसरं काही दिसतच नाही, नुसत्या कोळशाच्या गाड्या आणि त्यांच्या तोंडाशी ही मळकी इंजिनं.

रविवार

आज रंगाला हात लावला नाही. आधी दुरुस्त्या.

पहिलं काम नंबरचं. कारखान्याचा छापील नंबर काढायला कापसाची काडी व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवायची, अंकांवर थोडा वेळ ओलावा ठेवायचा आणि मग लाकडी टूथपिकच्या टोकाने हलक्या हाताने खरवडायचं. घाई केली की खालचा काळा रंग चकाकायला लागतो. तो पुढे मळाखाली झाकला जातो म्हणा, पण पुढे झाकलं जाईल या हिशेबाने काम करायला लागलं की हात बिघडतो. नवा नंबर पाण्यावर सुटणाऱ्या ट्रान्सफरचा. एकेक अंक वेगळा घ्यायचा आणि केबिनच्या खिडकीखाली ओळीत बसवायचा. स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या टोकाचा, धुरांड्याखालचा भाग) दारावर पितळेची कोरीव नंबर प्लेट आणि तिच्याखाली ५६ए ची चिमुकली लंबगोल शेड प्लेट. ती चिमट्यातून उडाली तर पुन्हा सापडत नाही, म्हणून मी ताटात बसवून काम करतो. ताटाला काठ असतो.

पुढचं डबे जोडायचं प्लास्टिकचं कपलिंग काढून टाकलं. इंजिन कायम एकाच दिशेने धावणार आहे, तेव्हा त्या कपलिंगचा काही उपयोग नव्हता. त्या जागी हुक, स्क्रू कपलिंगची साखळी आणि ब्रेकचा पाइप लावला. इंजिन आणि टेंडर यांच्यातलं अंतरही कमी केलं. तयार मॉडेलमध्ये ते मोठं ठेवतात, कारण लोकांच्या घरच्या वळणांचा घेर लहान असतो. खऱ्या इंजिनात फायरमन त्या फटीवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फावडं मारतो. मॉडेलमध्ये तो खालीच पडेल.

रुळांच्या रुंदीचं मात्र काही करता येत नाही. ओओमध्ये ४ मिलिमीटर म्हणजे एक फूट, पण रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्या मापात चार फूट दीड इंच. ब्रिटनचा गेज चार फूट साडेआठ इंच. सात इंच गायब! समोरून पाहिलं की चाकं पोटाशी घेतल्यासारखी वाटतात. याचा त्रास होणारे लोक आयुष्यभर रूळ हाताने बनवत बसतात. मी इंजिनाकडे बाजूने बघतो.

टेंडरमधला प्लास्टिकचा कोळसा काढून खरा टाकला. तीन मिलिमीटरचा खडा म्हणजे खऱ्यात नऊ इंची ढेकूळ, तेव्हा त्याहून मोठे खडे बाजूला काढले आणि बारीक चुराही भरपूर घेतला. वर पातळ केलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडला. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की गोंद खड्यांवर मण्यासारखा न राहता आत उतरतो. मागच्या बाजूला ढीग, पुढे फावड्यापाशी खड्डा. सपाट भरलेलं टेंडर म्हणजे आत्ताच कोळसा घेऊन निघालेलं इंजिन. माझं अर्धी पाळी संपवून आलेलं आहे.

मंगळवार, रात्री

मामांचा व्हिडिओ कॉल. भुसावळला वाफेच्या जमान्यात ते डब्ल्यूजी या मालगाडीच्या इंजिनावर फायरमन होते. त्यांना इंजिन दाखवलं, शेजारी मांडलेल्या रंगाच्या डब्या दाखवल्या. त्यातल्या लालसर डबीवर त्यांची नजर अडकली.

“हे काय?”

“गंजाचा रंग, मामा.”

“कशाला? चालत्या इंजिनाला गंज कुठला! गंज चढतो तो यार्डात टाकून दिलेल्या इंजिनाला. चालतं इंजिन तेलात माखलेलं असतं. हात लावलास तर हात काळा होईल, लाल नाही.”

मग ते सुटलेच. ड्रायव्हर गाडी थांबली की तेलाची झारी घेऊन खाली उतरायचा. ते तेल दांड्यांवरून, चाकांवरून उडून फ्रेमवर बसायचं, त्यावर धूळ बसायची, धुळीवर पुन्हा तेल. स्मोकबॉक्सचं दार उघडून राख ओढली की पुढचा पाट बफरपर्यंत भुरकट. बॉयलर धुवायच्या झाकणांतून गळती झाली की खाली पांढरे ओघळ. शेवटी म्हणाले, “एवढे पैसे देऊन नवं घेतलंस आणि मळवतोयस? आम्हाला मळ काढायचा पगार मिळायचा.”

फोन ठेवल्यावर लाल डबी कपाटात टाकली. लोकांची वेदरिंग केलेली, म्हणजे मुद्दाम मळवलेली इंजिनं मी बरीच पाहिलीत, आणि नेमकं काय खटकतं ते मला आज नीट सांगता येईल. मळ सगळीकडे सारखा मारलेला असतो आणि त्यात गंज ढिगाने. डाग कुठून आला याचा विचारच नसतो. बॉयलरच्या मधोमध गंजाचा पट्टा? तिथे तो येईलच कसा?

शुक्रवार

एअरब्रश. आधी ट्रान्सफरवर ॲक्रिलिक सॅटिन व्हार्निशचा हात देऊन तो चांगला वाळू दिला होता. वरचा मळ इनॅमल रंगाचा. हा क्रम मुद्दाम आहे, कारण इनॅमल व्हाइट स्पिरिटने पुसता येतं आणि खालच्या ॲक्रिलिकला त्याने काही होत नाही. म्हणजे चढवलेला मळ हवा तिथे परत उतरवता येतो.

हम्ब्रॉलचे तीनच रंग घेतले. ३३ मॅट काळा, ६२ लेदर आणि ५३ गनमेटल. काळा आणि लेदर मिसळला की जो मातकट करडा निघतो तो फ्रेम, चाकं आणि टेंडरच्या खालच्या अंगाला. त्यात काळा वाढवत नेला की बॉयलरचा. निव्वळ काळा कुठेच नाही. एवढ्या लहान वस्तूवर निव्वळ काळा रंग सगळा बारकावा गिळून टाकतो, रिव्हेट दिसेनासे होतात.

चाकांवर फवारताना मोटार चालू ठेवायची. इंजिन रुळाच्या तुकड्यावर हळूहळू पुढे जात असतानाच फवारा मारायचा. उभ्या इंजिनावर मारला तर दांड्यांची सावली चाकांवर कोरी राहते आणि दांडी हलली की ती भुतासारखी दिसायला लागते. नंतर चाकांची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने लख्ख पुसायची, नाहीतर वीजच पोचणार नाही.

फ्रेमच्या खालच्या भागात, ब्रेकपाशी, थोडा तपकिरी जास्त टाकला. मामांच्या बोलण्याशी हे विसंगत वाटेल, पण नाही. ब्रेकचे ठोकळे बिडाचे. ते चाकावर घासले की लोखंडाची पूड उडते आणि ती पूड गंजते. म्हणजे रंग गंजाचा, पण इंजिनाचं अंग त्याखाली शाबूत.

बॉयलरचा माथा धुरांड्यापासून केबिनच्या छपरापर्यंत काजळीने मॅट. बाजू वेगळ्या. तिथे पाऊस लागतो, तेल ओघळतं, त्यामुळे थोडी चकाकी राहते. स्मोकबॉक्स तर तिसराच. आतल्या उष्णतेने त्यावरचा रंग जळून उडतो आणि तो उरलेल्या बॉयलरपेक्षा फिका, कोरडा राखाडी दिसतो. एकाच नळकांड्यावर तीन काळे. फोटो नीट पाहिल्याशिवाय हे कळत नाही, आणि त्यातही कृष्णधवल फोटो जास्त उपयोगी. रंगीत फोटोत आपण रंग बघतो, कृष्णधवलमध्ये चकाकी कुठे आहे ते दिसतं.

हॉवर्थला जाऊन कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेवरचं ९०७३३ पाहिलेलं आहे. ब्रिटिश रेल्वेच्या ७३३ पैकी एकही जपून ठेवलं गेलं नाही. हे नेदरलँड्समार्गे स्वीडनला गेलेलं व्हल्कनचं इंजिन, १९७३ मध्ये परत आणलेलं. ९०७३२ च्या पुढचा नंबर म्हणून ९०७३३, जो ब्रिटिश रेल्वेत कधी नव्हताच. कुठला पाइप कुठे जातो हे बघायला उत्तम. मळ बघायला मात्र बिनकामाचं, कारण हौशी मंडळी त्याला जीव लावून पुसतात!

शनिवार

आजचा दिवस पुसण्याचा. या छंदातला माझा सगळ्यात आवडता.

चपटा ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये किंचित ओला करून, टिश्यूवर जवळजवळ कोरडा करून, टेंडरच्या बाजूवरून वरून खाली ओढायचा. पाऊस जसा उतरतो तसा, आडवा कधीच नाही. मोकळ्या पत्र्यावरचा मळ निघतो आणि रिव्हेटच्या कडेला, पट्ट्यांच्या कोपऱ्यात राहतो. टेंडरच्या मागच्या अंगावर जरा जास्त धुतलं. पाणी भरताना झाकणातून उतू जातं ते तिथूनच.

आणि नंबर. जुन्या फोटोंत दिसतं की कुणीतरी केबिनच्या बाजूवर फडकं फिरवून फक्त पाच आकडे उघडे केलेत. नंबर वाचता आला पाहिजे, बाकीच्या इंजिनाशी त्याला कर्तव्य नाही. मी कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि अंकांवर छोटे गोल गोल हात फिरवले. मळ काडीवर आला, खालून पिवळसर पांढरे अंक वर आले, भोवती काळ्या व्हार्निशचा वेडावाकडा चौकोन. कडा मुद्दाम सारख्या केल्या नाहीत. ज्याने कुणी तेव्हा पुसलं असेल त्यानेही केल्या नसत्या. मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं, “बरोबर. आम्ही पण एवढंच पुसायचो.”

मग बारीकसारीक. फायरबॉक्सच्या बाजूला धुण्याच्या झाकणांखाली क्षाराचे पांढरट ओघळ, अगदी टोकदार ब्रशने, एकाआड एक झाकण सोडून. बोअरच्या पाण्याने बादलीला चढतो तसाच हा चुना, फक्त इथे वाफेबरोबर बाहेर आलेला. सुरक्षा झडपांभोवतीही थोडा. स्मोकबॉक्सच्या दाराखाली फिकट राखेची पूड. वाळूच्या नळ्यांपाशी चाकांवर मातकट शिंतोडा. केबिनच्या हँडरेलला आणि पायऱ्यांच्या कडांना बोटावर शिसपेन्सिलीची पूड घेऊन नुसतं चोळलं. हाताने आणि बुटाने घासलेलं लोखंड असंच दिसतं. दांड्यांना गनमेटल, आणि सांध्यांवर ग्लॉस व्हार्निशमध्ये काळा-तपकिरी मिसळून एकेक थेंब. ते तेल.

पुडींवर मॅट व्हार्निश मारावं की नाही हा जुना वाद. मारलं की पूड टिकते, पण निम्मी दिसेनाशी होते. मी मारत नाही. हे इंजिन बॉयलरला धरून उचलायचंच नाही, असा घरात नियम केलाय. तो किती दिवस टिकतो बघू, घरात सात वर्षांची मुलगी आहे. विकताना किंमत पडणार हेही मान्य. नवंकोरं डब्यातलं हवं असणारा गिऱ्हाईक हे बघून नाक मुरडेल.

रविवार

रुळावर चालवून पाहिलं. ठीक चालतंय, टेंडर कुठल्याही वळणावर अडकत नाही.

पण मागे लावलेल्या १६ टनी मिनरल वॅगन आता अगदीच कोऱ्या वाटायला लागल्या. त्या दुकानातून आणल्या तशाच आहेत, करड्या आणि स्वच्छ. आणि इथे मात्र मामांचं म्हणणं लागू होत नाही. या पोलादी वॅगनना तेल कुणी लावत नव्हतं. आतून ओला कोळसा घासायचा, वरून ढेकळं आदळायची, रंगाचे पापुद्रे सुटायचे, आणि त्या खऱ्याखुऱ्या गंजायच्या. काहींवर तर करड्यापेक्षा तांबूसच जास्त. तेव्हा कपाटातली लाल डबी परत बाहेर काढलीय.

आधी गंजाचा रंग, त्यावर ओलसर मीठ भुरभुरायचं, त्यावर करडा, आणि वाळल्यावर मीठ घासून काढलं की पापुद्रे सुटल्यासारखे डाग राहतात. घरातलं मीठ फार बारीक आहे, सगळे डाग एका आकाराचे येतील. उद्या इंडियन स्टोअरमधून खडेमीठ आणायचं.