ट्रेलरचं बेअरिंग

ट्रेलरला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही आणि आत बसणारं माणूसही नाही. त्यामुळे त्याची कुरकुर कुणाच्या कानावरच जात नाही. गाडीचं बेअरिंग घरघरायला लागलं की चालकाला बसल्या जागी कळतं. ट्रेलरचं घरघरतं ते पार मागे, वारा आणि टायरच्या आवाजात. लक्षात येतं तेव्हा हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसवलेला मधला भाग, धुरावलेला असतो. म्हणून वर्षातून एकदा, किंवा साधारण २०,००० किलोमीटरला, चाक उतरवून बघावं.

डस्ट कॅप, स्प्लिट पिन, नट, वॉशर ही काढाकाढ कंटाळवाणीच. जुनं ग्रीस पुसायला घेतलं की मात्र मजा येते, कारण वर्षभर काय काय झालं ते तिथे दिसतं. बेअरिंगमधले रोलर निळसर पडलेत? बेअरिंग तापलं होतं. ग्रीस दुधाळ झालंय? पाणी शिरलंय. होडीच्या ट्रेलरचा हा नेहमीचा आजार: धावून तापलेला हब गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कड्यातून, पाणी आत खेचलं जातं. रेसवर, म्हणजे रोलर ज्यावरून फिरतात त्या कड्यावर, नख फिरवावं. कुठे खड्डा लागला तर रोलर कितीही चकचकीत दिसोत, रेस आणि बेअरिंग जोडीनेच बदलायचं. सील तर दर वेळी नवंच. त्यात काटकसर करणाऱ्यांचं मला कोडंच आहे.

हे निमुळते, तिरके बसवलेले रोलर मूळचे घोडागाड्यांसाठी. बग्ग्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने १८९८ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. वजन पेलायचं आणि वळणावरचा आडवा रेटाही सोसायचा, ही दोन्ही कामं त्या तिरक्या बसणीमुळे जमतात.

ग्रीस भरायला यंत्र मिळतं, पण मला तळहातच बरा वाटतो. हातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, वरून रोलरांच्या फटींतून ग्रीस डोकावेपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा तेच. वरवर फासलेल्या ग्रीसचा काही उपयोग नाही. ग्रीसमधला साबण, म्हणजे त्याला घट्टपणा देणारा घटक, तेल धरून ठेवतो, स्पंजसारखा, आणि लागेल तसं सोडतो. ते रोलरांच्या मधोमध असायला हवं. दोन जातींची ग्रीसं एकत्र करू नयेत, काही जोड्या पातळ होऊन वाहून जातात. आणि हब गच्च भरायचा मोहही टाळावा, जादा ग्रीस घुसळून उष्णताच वाढते.

सगळ्यात अवघड नट. ताकद लावायची सवय असलेल्या माणसाचा इथे हात शिवशिवतो. हब फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग तो सोडायचा आणि नुसत्या बोटांनी टेकवायचा. पिनचं भोक जुळत नसेल तर किंचित सैल करून जुळवायचं, आवळून नाही. मिलिमीटरच्या काही शतांशांचा प्ले, म्हणजे मोकळी जागा, राहिलाच पाहिजे. तापल्यावर धातू फुगतो, तेव्हा तीच जागा कामाला येते.

मग पंधरावीस किलोमीटर जाऊन थांबावं आणि दोन्हीकडच्या हबना सावकाश हात लावून पाहावा. कोमट असतील तर ठीक. एकाच बाजूला हात ठेववत नसेल, तर पुन्हा जॅक काढायचा.