गाइओले ते मोंतोने: सायकलवहीतली पुढची पानं

मागची नोंद फेब्रुवारीतली होती. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी तोच घाट चढून परत, आणि सायकलवर मुद्दाम लादलेलं चौदा किलो सामान. त्या नोंदीत ‘इटलीसाठी पाय तयार आहेत’ असं लिहिलं होतं. पाय तयार होते, पण गिअर नव्हते. म्हणून आधी गिअरविषयी.

आपले बहुतेक घाट जुन्या गाडीवाटांचे आहेत. चढ लांब असतो, पण एकसारखा. एकदा लय सापडली की तासभर त्याच लयीत पाय फिरत राहतात. मी जिथे जाणार होतो त्या इटलीतल्या तोस्काना प्रांतात तसं नाही. तिथली गावं टेकडीच्या माथ्यावर आणि रस्ता एका माथ्यावरून ओढ्यात उतरून पुढच्या माथ्यावर चढणारा. चढ दीड-दोन किलोमीटरचाच, पण मध्येच बारा-पंधरा टक्क्यांचा तुकडा येतो, आणि पुष्कळदा तो खडीचा असतो. खडीवर उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी घसरतं, त्यामुळे बसूनच चढावं लागतं आणि बसून चढायला हलका गिअर लागतो. माझ्याकडे पुढे लहान चेनरिंग, म्हणजे पॅडलपाशी असलेलं दातेरी चक्र, ३४ दातांची होती आणि मागे सर्वांत मोठं चक्र २८ चं. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर त्यावर ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास वेग ठेवावाच लागतो, आणि सामानासकट पंधरा टक्क्यांवर तो माझ्याच्याने होत नाही. मार्चमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ करून घेतलं. आता तेवढ्याच फेऱ्यांत ताशी सातच्या जरा आत चालतं. टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे काढून ३८ चे ट्यूबलेस लावले आणि हवा मागे ४५, पुढे ४० पीएसआय ठेवली. संपूर्ण प्रवासात सगळ्यात उपयोगी पडलेला खर्च हाच.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गाइओलेहून निघालो. किआन्तीतलं हे छोटं गाव सायकलवाल्यांना ‘लेरोइका’ या सायकल सफरीमुळे माहीत असतं. पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये इथे ही सफर सुरू झाली. ऑक्टोबरात होणाऱ्या मुख्य सफरीत १९८७ पूर्वीच्या रेसिंग सायकलीच चालतात, गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर असलेल्या. तिचा २०९ किलोमीटरचा मार्ग मात्र वर्षभर पाट्या लावून खुला असतो, कुठलीही सायकल घेऊन जा. मी त्याचा अर्ध्याहून अधिक भाग धरला आणि तिथून पूर्वेकडे वळलो.

पहिल्या दिवशी ब्रोलिओच्या किल्ल्याकडे जाणारी सायप्रसच्या झाडांतली खडीची चढण, मग सिएना. ३८ किलोमीटर, चढ ७०० मीटर. अंतर बघून वाटलं की अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण दुपारचे साडेतीन झाले. त्या रात्री वहीचा रकानाच बदलला. आता अंतर दुसऱ्या रकान्यात आणि एकूण चढ पहिल्यात. सामानासकट मला दिवसाला हजार ते बाराशे मीटर झेपतात, त्यापुढे दुसरा दिवस बिघडतो. तुम्हीही आखणी करताना हाच आकडा आधी काढा, अशी आग्रहाची विनंती.

दुसरा दिवस मोंताल्चिनोचा. बुओनकोन्व्हेन्तो नदीकाठी, दीडशे मीटरवर. मोंताल्चिनो साडेपाचशेच्या वर, आणि ते तासभर आधीपासून डोक्यावर दिसत राहतं. इथे सगळीच गावं अशी, म्हणजे दिवसातला शेवटचा चढ हाच सगळ्यात मोठा. म्हणून दुपारचं खाणं नीट व्हायला हवं. मी पायथ्याच्या गावात शेवटचा अर्धा तास थांबून पाव, चीज आणि दोन केळी खाऊन मगच चढाला लागायचो. पाण्यासाठी गावातले नळ आहेत. ‘नोन पोताबिले’ लिहिलं असेल तर ते पिण्याचं नव्हे. मधल्या ओसाड पट्ट्यात गावाबाहेरच्या दफनभूमीत नळ हमखास मिळतो, ही तिथल्या सायकलवाल्यांची युक्ती. आत जाताना हेल्मेट काढून, शांतपणे जावं.

तिसऱ्या दिवशी आशानोपर्यंत आलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, पाऊस होता.

चौथा दिवस मात्र आयुष्यभर लक्षात राहील. आशानोहून उत्तरेला मोंते सांते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा खडीचा रस्ता. २००७ पासून होणाऱ्या ‘स्त्रादे बियांके’ या सायकल शर्यतीतला हा सर्वांत नावाजलेला तुकडा. ती तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलारा या स्विस सायकलपटूचं नाव त्याला दिलंय. हा भाग क्रेते सेनेसीचा, म्हणजे सिएनाच्या चिकणमातीचा. कधीकाळी इथे समुद्र होता, त्याच्या तळाची करडी माती आता घुमटासारख्या टेकड्यांत उभी आहे. एप्रिलात त्यांवर कोवळा गहू होता, वाऱ्यासरशी अख्खी टेकडी हलल्यासारखी दिसायची. रस्ता धारेवरून जातो. दोन्ही बाजूंना दरी, सावलीला एक झाड नाही, आणि रात्रीच्या पावसानंतर माती टायरला चिकटून फ्रेममध्ये अडकत होती. दोनदा काडीने खरवडून काढली.

याच रस्त्यावर मागच्या कॅरिअरचा उजवा बोल्ट सुटून पडला. उतारावर खडीच्या आडव्या लाटा असतात, पत्र्याच्या छपरासारख्या, त्यांनी बोल्ट हळूहळू ढिला केला असणार. दोन झिप टाय लावून आरेत्सो गाठलं. धडा असा: बोल्टना आधीच थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा, एम-५ मापाचे दोन जादा बोल्ट जवळ ठेवा, आणि खडीवर रोज संध्याकाळी सगळे बोल्ट हाताने तपासा. मी तिसऱ्या दिवशी पावसाच्या कंटाळ्याने तपासले नव्हते.

मोंते सान साव्हिनो उतरलं की व्हाल दि किआना लागतं. दलदल काढून शेतीखाली आणलेलं सपाट खोरं. तिथल्या मुख्य कालव्याच्या काठाने आरेत्सो ते किऊसी असा बासष्ट किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, जवळजवळ बिनचढाचा. चार दिवसांनी पायांना खरी विश्रांती तिथे मिळाली. आरेत्सोच्या अलीकडे इंदिकातोरेला दुसऱ्या महायुद्धातली युद्धदफनभूमी आहे. तिथे भारतीय सैनिक पुष्कळ आहेत. दगडांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ वाचलं आणि तासभर तिथेच बसलो. पाणी भरायला गेलो होतो, ते निघताना भरलं.

इथून पुढचा मार्ग मी अशाच एका भारतीय सैनिकासाठी आखला होता. माणगावात तुम्ही नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा पाहिला असेल. ताम्हिणी उतरून येणारे आपण बहुतेक जण तिथून जातो, मीही कित्येकदा चहा पिऊन तसाच पुढे गेलोय. पळसगावचा हा मुलगा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला. १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे पडले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली. काडतुसं बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं आणि मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. कबर नाही, नाव इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलं.

आरेत्सोहून स्कोपेतोनेची खिंड ओलांडून मोंतेर्की, तिथून आंगियारी. आंगियारीहून सानसेपोल्क्रोच्या दिशेने खोऱ्यात उतरणारा रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे, ब्रेक नीट असल्याशिवाय त्यावर सायकल सोडू नका. सानसेपोल्क्रोत चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं ‘पुनरुत्थान’ हे चित्र पाहिलं. १९४४ मध्ये टोनी क्लार्क या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याने या चित्राबद्दल वाचलेलं आठवून गावावरचा मारा थांबवला होता.

शेवटचा दिवस तिबेरच्या काठाने दक्षिणेला, चित्ता दि कास्तेल्लोवरून. खोरं सपाट, दोन्ही बाजूंना ओकने भरलेले डोंगर. जुलैच्या उन्हात चिलखती टोप्या आणि सामान घेऊन माणसं हे डोंगर एकेक करून चढली होती, हे सायकलवरून चढताना जास्त कळतं. मोंतोने साधारण चारशे ऐंशी मीटरवर. वळणं घट्ट, पण डांबर चांगलं. ३०-३४ वर, न उतरता, पस्तीस मिनिटांत वर पोहोचलो.

तिथे २०२३ च्या जुलैमध्ये उभं राहिलेलं यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे, छायाघड्याळाच्या रूपात. ‘आपण सगळे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाची लॅटिन ओळ त्याचं बोधवाक्य आहे. मी गेलो तेव्हा ऊन होतं आणि सावली बाराच्या जरा पुढे सरकली होती. माणगावातून आणलेली मूठभर माती तिथल्या झाडाच्या बुंध्याशी घातली.

सहा दिवस, एकूण ३४० किलोमीटर, ५,६०० मीटर चढ, पंक्चर एकही नाही.

पुढची आखणी सुरू केलीय. सानसेपोल्क्रोहून व्हियामाज्जोची ९८३ मीटरची खिंड ओलांडून रिमिनी, आणि तिथून सपाटीने सेनिओ नदी. ९ एप्रिल १९४५ ला त्या नदीच्या बांधावर संगमनेरकडच्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना सुरुंगांच्या पट्ट्यातून खांद्यावर आणलं आणि एकट्याने तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली. व्हियामाज्जोचा चढ सामान घेऊन कोणी केला असेल तर पूर्वेकडचा उतार कसा आहे ते कळवा. मागची ब्रेकपॅड बदलायची की नाही ते त्यावर ठरवतो.