पोर्तोतली फार्मासिया आणि बाबांचा खोकला

पोर्तुगालमध्ये किरकोळ दुखण्याला आधी फार्मासिया, म्हणजे औषधाचं दुकान, गाठायची. हिरवा क्रॉस उजळलेला दिसला की दुकान उघडं. बंद असलं तरी आज रात्री कुठलं दुकान चालू आहे, ते दारावर लावलेलं असतं. तिथे रात्री बऱ्याचदा छोट्या खिडकीतूनच औषध देतात.

माझे सासरे साताऱ्याहून आमच्याकडे पोर्तोला आले आणि इथल्या दमट थंडीने त्यांना खोकला झाला. नाक चोंदलेलं, अंगात कणकण. काउंटरवर मी म्हटलं, "ए पारा उ मेउ सोग्रु. तें तॉस सेका आ त्रेश दीआश." सासऱ्यांसाठी हवंय, तीन दिवस कोरडा खोकला आहे. दुखणं कुणाचं, काय आणि किती दिवसांचं, एवढं नीट सांगता आलं की पुढचं फार्मासिस्टच विचारतात. वय? ताप किती? कशाची अ‍ॅलर्जी? दुसरी औषधं चालू आहेत का?

या शेवटच्या प्रश्नाला कधीही घाईत "नाही" म्हणू नका. "तें तेंसाउं आल्ता," त्यांना बीपी आहे, असं सांगून मी बाबांच्या गोळ्यांची स्ट्रिप पुढे केली. आपल्याकडचं ब्रँडचं नाव त्या फार्मासिस्ट बाईंना कुठून माहीत असणार? त्यांनी स्ट्रिप उलटी केली, चष्मा वर सारून बारीक अक्षरं वाचली. "आम्लोदिपीना!" म्हणजे बीपीचं अ‍ॅम्लोडिपिन. लगेच हातातली नाक मोकळं करणारी गोळी त्यांनी परत फळीवर ठेवली. तिच्यात स्यूडोएफेड्रिन होतं, त्याने बीपी वाढू शकतं. त्याऐवजी नाकात टाकायचं मिठाचं पाणी (सलाइन) आणि तापाला पॅरासिटामॉल दिलं. खोक्यावर पेनाने लिहिलं, दर ८ तासांनी. त्या बाईंबद्दल मला फार आदर वाटला.

म्हणून आईवडील यायचे असतील तर त्यांच्या सगळ्या औषधांची मूळ नावं आधीच कागदावर उतरवून ठेवा. क्रोसिन, डोलो इथे कुणाला कळत नाही, पॅरासिटामॉल सगळ्यांना कळतं. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय मागू नका, मिळणार नाही. ताप उतरत नसेल तर ८०८ २४ २४ २४ या सरकारी आरोग्यसेवेच्या नंबरवर फोन करा. श्वास लागला, छातीत दुखलं तर थेट ११२.

पैसे देताना "कोंत्रिब्युइंत?" असं विचारतील. बिलावर तुमचा करदाता क्रमांक घालून घ्या, इथे आरोग्यखर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत करात सूट मिळते.