चौदा किलोची सनई

गणपती पंधरा दिवसांवर आले की लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलापाशी उभं राहायला जागा नसते. ऑक्टापॅड, अ‍ॅम्प, तीन पट्ट्या मेलेले कीबोर्ड. आणि प्रत्येकाची सुपारी, म्हणजे ठरलेला कार्यक्रम, उद्याच असतो.

त्या गर्दीत गिरगावातले एक काका आले. सत्तरीच्या आसपासचे. मागून त्यांची मुलगी आणि टॅक्सीवाला, दोघांनी मिळून उचललेला यामाहाचा डीएक्स-७, जुना सिंथेसायझर कीबोर्ड. जहाजावर नोकरीला असलेल्या मेहुण्यानं १९८४ मध्ये जपानहून आणलेला. त्यामुळे तिकडच्या शंभर व्होल्टवर चालणारा. सोबत टॉवेलात गुंडाळलेला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर होताच. (आपल्या दोनशेतीसमध्ये थेट खुपसून जाळलेले असे कितीतरी सिंथ मी पाहिलेत. काकांनी चाळीस वर्षं ती चूक केली नाही, तिथंच मला माणूस आवडला.)

"दादा, तुम्हीच सांगा यांना," मुलगी म्हणाली. "चौदा किलोचं धूड आहे. खांदा दुखतो, तरी उचलतात. सहा-सात किलोचे नवीन मिळतात ना?"

काका म्हणाले, "मास्तर, नवा ऐकलाय मी एकाकडे. माझे टोन त्याच्यात घालून दिले होते त्यानं. सनई किंचाळते."

टोन म्हणजे काकांनी स्वतः बांधलेले आवाज. सनई, तुणतुणं, घुंगराचा चाळ. त्या काळी हे करायचं म्हणजे दोन ओळींच्या छोट्या डिस्प्लेत डोळे घालून, एकेक आकडा सरकवत. मशीनच्या पोटात असे ३२ टोन राहतात आणि ते जिवंत ठेवतो बोर्डावर सोल्डर केलेला एक बटणाएवढा सेल. व्होल्टेज पाहिलं तर २.१. तीनच्या आसपास हवं. म्हणजे कुठल्याही दिवशी सनई गेली असती. आधी मिडी केबल (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती) लावून सगळे टोन कॉम्प्युटरवर उतरवले. फाइल ४,१०४ बाइटची. एका माणसाची इतक्या वर्षांची कमाई, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्याच्या कित्येक पट मोठा. मग सेल काढून तिथं सॉकेट बसवलं, नवा सेल घातला, टोन परत चढवले.

काम खरं तर इथं संपलं होतं. पण एका स्टुडिओवाल्या मित्राचा एमओडीएक्स-६, यामाहाचाच नवा सिंथ, माझ्याकडे पडून होता. दोन्हींत आवाज घडतो तो एफएम पद्धतीनं, ऑपरेटर नावाचे घटक एकमेकांवर चालवून. जुन्या डीएक्समध्ये सहा ऑपरेटर, याच्या एफएममध्ये आठ, त्यामुळे जुना टोन यात मावतो. फाइल बदलून घ्यायला यामाहाचाच कन्व्हर्टर आहे. काकांची सनई मी त्यात चढवली आणि त्यांना वाजवायला दिली.

किंचाळली. अगदी त्यांनी सांगितलं तश्शी.

माझं उत्तर तयार होतं. जुन्यात आकड्यांचा आवाज करणारा भाग १२ बिटचा, म्हणजे जरा खरबरीत, नवा स्वच्छ, स्वच्छ आवाज कानाला टोचतो, तुम्ही जुनाच ठेवा. हे मी लोकांना अनेकदा सांगितलंय. पण स्वच्छ आवाज पातळ वाटेल, किंचाळेल कशाला? ते काही पटेना.

सहज म्हणून उलटं करून पाहिलं. नव्याची मिडी केबल जुन्याला जोडली आणि काकांना म्हटलं, "पट्ट्या नव्याच्या, आवाज तुमच्या डीएक्सचा. वाजवा."

जुनासुद्धा तसाच किंचाळला!

काका हात मागे घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मीही. मग डीएक्स कॉम्प्युटरला जोडला आणि त्याच्या पट्ट्यांवर जोरजोरात मारायला सांगितलं. वेलॉसिटीचा, म्हणजे बोटाच्या जोराचा, आकडा शंभराच्या आसपास जाऊन अडकला. मिडीत तो १२७ पर्यंत जातो. नव्याच्या पट्ट्यांनी लगेच १२७ दाखवला. एफएममध्ये बोटाच्या जोरानं आवाज नुसता मोठा होत नाही, त्याची धारच वाढते. काकांनी सनई बांधली ती स्वतःच्या पट्ट्यांवर, त्यांच्या शंभरावर. वरचे सत्तावीस आकडे त्यांच्या बोटांना कधी मिळालेच नव्हते.

मग नव्यावर सनईची वेलॉसिटी डेप्थ (बोटाच्या जोराचा आवाजावर किती परिणाम व्हावा तो आकडा) ६४ वरून थोडी थोडी खाली आणत गेलो. मध्येच काकांनी हात वर केला. "थांब. हीच."

यानंतर जो फरक उरला तो खरोखर १२ बिटचा. जुन्यात सुराखाली बारीक खरखर आहे, सनईच्या पत्तीत शिरणाऱ्या फुंकरीसारखी. नव्यात ती नाही. मुलीनं १९८७ च्या डीएक्स-७ टू ची एक जाहिरात फोनवर दाखवली, तर मी नको म्हटलं. तो १६ बिटचा, म्हणजे खरखर तिथंही नाही, आणि मशीन पुन्हा जुनंच. ना इकडचं ना तिकडचं. हे माझं मत. त्यावर जीव टाकणारे लोक आहेत, ते माझ्याशी भांडतील.

काका बराच वेळ एकदा या, एकदा त्या पट्ट्यांवर तोच तुकडा वाजवत बसले. मागे ऑक्टापॅडवाला घड्याळ बघत होता. मग म्हणाले, "ती खरखर शिवाजी मंदिरात तिसऱ्या रांगेच्या पुढं कुणाला ऐकू येणार? घेऊ नवा."

मुलीनं सुस्कारा सोडला.

"पण मास्तर, ती किंचाळणारी सनई पुसू नकोस. वेगळी ठेव."

"ती कशाला, काका?"

"विसर्जनाला. डीजेच्या वर काहीतरी ऐकू यायला नको?"

दोन्ही सनया आणि बाकीचे टोन पेनड्राइव्हवर भरून दिले. जुना विकणार का, असं मुलीनं विचारलं, तेव्हा काका ट्रान्सफॉर्मर परत टॉवेलात गुंडाळत होते. त्यांनी ऐकलं नसावं. टॅक्सीच्या डिकीत डीएक्स मावला नाही. तो मागच्या सीटवर आडवा गेला, त्याच्याशेजारी काका, आणि मुलगी पुढं ड्रायव्हरजवळ.