तेराव्या पानावरचा फुगा

माझं वीस पानांचं कॉमिक गेल्या महिन्यात छापून हातात आलं. नाव 'मगर'. नायक निनाद, वय सोळा, राहणार दांडिया बाजार, बडोदे. पाण्यात उतरला की त्याची कातडी मगरीसारखी होते, आणि विश्वामित्रीला पूर आला की तो अडकलेल्यांना बाहेर काढतो. निनाद गे आहे. सगळं मिळून अकरा महिने लागले. त्यातले तीन एका वाक्याने घेतले.

मूळ मात्र २०१८मधलं. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७वरचा निकाल आला, समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत, तेव्हा मी अकरावीत होतो. गणपती आठवड्यावर आले होते, घरात मखराचं काम चाललेलं, टीव्ही चालू. बातमी लागली आणि कुणीतरी चॅनल बदललं. कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. त्या रात्री मोबाइलवर शोधता शोधता मला मार्व्हल या अमेरिकन कंपनीचं 'यंग ॲव्हेंजर्स' हे कॉमिक सापडलं.

२००५ साली लेखक ॲलन हाइनबर्ग आणि चित्रकार जिम चंग यांनी हा पोरांचा चमू उभा केला. त्यातला बिली, म्हणजे विकन, जादू करतो. टेडी, म्हणजे हल्कलिंग, हवं ते रूप घेतो. आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. एकदा ते बिलीच्या आईवडिलांना आपण सुपरहिरो आहोत हे सांगायला जातात. आईवडिलांना वाटतं, मुलगा आपण गे असल्याचं सांगतोय. ते दोघांनाही आनंदाने जवळ घेतात, आणि सुपरहिरोची गोष्ट सांगायची राहूनच जाते. ते पान मी पांघरुणात किती वेळा उघडलं असेल, मोजलेलं नाही.

मग मागचं पुढचं सगळं वाचत गेलो. १९५४च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे अमेरिकन प्रकाशकांच्या नियमावलीने, अशा नात्यांचा नुसता सूचक उल्लेखही बंद केला होता. मार्व्हलच्याच नॉर्थस्टार या सुपरहिरोने १९९२मध्ये आपण गे असल्याचं सांगितलं. पण तो वयाने मोठा होता. विकन आणि हल्कलिंगचं चित्रातलं पहिलं चुंबन यायला २०१२ उजाडलं, लग्न लागलं २०२०मध्ये. एक मुलगा आणि एक मुलगी असते तर चुंबनाला सात वर्षं थांबावं लागलं नसतं, याचा मला अजूनही राग येतो. आणि २०१५मध्ये मार्व्हलच्या किशोरवयीन आइसमॅनचं गुपित बाहेर आलं ते कसं? त्याच्याच चमूतली जीन ग्रे त्याचं मन वाचते आणि तीच त्याला सांगते. ते मला पटलं नाही. असं वाक्य ज्याचं त्यानेच म्हणायचं असतं. माझ्या निनादचं मन कुणी वाचणार नाही, तो स्वतः तोंड उघडेल, एवढं तेव्हाच ठरलं होतं.

गोष्ट मिळाली ती २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात. नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये मगरी शिरल्या, वन विभागाची माणसं आणि स्वयंसेवक त्यांना दोरांनी बांधून नेत होते. मगर शहरात घुसली असं सगळे म्हणत होते. मला वाटत राहिलं, तिचं घर इथेच आहे, आपण तिला फक्त पूर आल्यावर पाहतो.

चित्रं भराभर झाली. पिन मारून बांधायचं तर पानं चारच्या पटीत हवीत, म्हणून अठराची वीस केली. खरी अडचण अक्षरांची निघाली. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी अक्षरं एका उंचीची, ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी चालतं. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. म्हणजे अंतर वाढवा, म्हणजे संवादाच्या फुग्यात शब्द कमी मावणार, म्हणजे संवाद कापा. त्यात निवडलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे निघाले. दांडिया बाजारातला मराठी मुलगा हिंदी ल-मध्ये बोलतोय हे मला बघवेना. फॉन्ट बदलला आणि वीसही पानांचे फुगे नव्याने भरले.

पण तेरावं पान अडून बसलं होतं. पूर ओसरलाय, निनाद घरी आलाय, आई चहा गाळतेय, आणि तो सांगतो. काय सांगतो? 'मी समलिंगी आहे' हे मराठी शुद्ध आहे, पण ते वर्तमानपत्राचं आणि कोर्टाचं. सोळा वर्षांचा मुलगा ओट्याशी उभा राहून तसं बोलत नाही. 'मी गे आहे' तो मित्राला म्हणेल, आईला नंतर अर्थ समजावत बसावा लागेल. 'मला केयूर आवडतो' म्हटलं तर आई म्हणेल, मलाही आवडतो, गुणी मुलगा आहे. घराबाहेर तो गुजराती बोलतो, शाळेत इंग्रजी, आणि ज्या भाषेत आईशी बोलतो तिच्यात हे वाक्य त्याने कधी ऐकलेलंच नाही. मीही ऐकलं नव्हतं. तीन महिन्यांनी लिहिलं, 'आई, मला मुलं आवडतात.'

पहिल्या छापखान्यात फाइल उघडली, तेराव्या पानापर्यंत आली, आणि पेन ड्राइव्ह परत माझ्या हातात. 'आवुं अमे नथी छापता.' मी वाद घातला नाही. सूरसागर तलावाच्या कठड्यापाशी बराच वेळ बसलो आणि घरी आलो.

आईने विचारलं, काम का परत आलं? माझी आई मराठीची शिक्षिका होती, मंडळाच्या दिवाळी अंकाची मुद्रितं अजून तीच तपासते. लहानपणी इंद्रजालचे 'वेताळ' वाचून वाढलेली, त्यामुळे कॉमिक म्हणजे पोरकटपणा असं तिला वाटत नाही. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं. नमुना प्रत तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, तूच बघ.

दोन दिवस ती त्याबद्दल बोलली नाही. त्या दोन दिवसांत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी प्रत टेबलावर होती. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा खुणा, लाल पेनाने. आणि तेराव्या पानावर फुग्यातल्या 'मुलं'ला गोल करून समासात लिहिलं होतं : 'मुलगे. मुलं म्हणजे लेकरं. अर्थ बदलतो.'

मी स्वयंपाकघरात गेलो. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "हे वाक्य निनादचं आहे की तुझं?"

"दोघांचं."

सुरी थांबली. "किती वर्षं?"

"अकरावीपासून. आधीपासूनच खरं तर."

ती रडली, मीही रडलो. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग तर नीटच लिहायला हवं ना रे. बदललंस का?"

बदललं. 'मुलगे'ला एक अक्षर जास्त लागतं, म्हणून फुगा थोडा रुंद करून निनादचा खांदा मागे सरकवला. दुसऱ्या छापखान्याने काही न विचारता शंभर प्रती छापल्या.