बंद स्टेशन नेमकं कधी बंद झालं?

नवी मुंबईतून सायन-पनवेल हायवेने कुर्ल्याकडे जाणाऱ्यांना कलिन्याचा सीएसटी रोड माहीत असतो. त्यातलं सीएसटी म्हणजे बोरीबंदरचं टर्मिनस नव्हे, ती सेंट्रल साल्सेट ट्रामवे. ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारी ही 13 किलोमीटरची लाइन 1928 साली सुरू झाली आणि 1934 मध्ये उखडलीही गेली. लाइनच गेली, त्यामुळे तिच्या सगळ्या स्टेशनांना एकच साल लागू पडतं.

खेड्यापाड्यातल्या ब्रँच लाइनचा हिशेब असा सोपा नसतो. तिथलं स्टेशन टप्प्याटप्प्याने बंद होतं. सहसा आधी लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची जादा लाइन जाते, मग स्टेशन मास्तर, मग तिकीट खिडकी आणि सर्वात शेवटी गाडीचा थांबा. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात कित्येक वर्षं जाऊ शकतात. म्हणून 'अमुक स्टेशन तमुक साली बंद झालं' असं कुणी लिहिलं की आधी विचारावं, त्यातलं काय बंद झालं?

लूप आधी का जाते, हे कळलं की पुढचं सोपं होतं. एकेरी लाइनवर समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग लूपवरच होतं. ते करून द्यायचं तर चोवीस तासांत तीन पाळ्यांचे मास्तर हवेत, तेवढेच काटे बदलणारे पॉइंट्समन हवेत, शिवाय रजेवर कुणी गेलं तर बदली माणूस. दिवसाला दोन-तीनच गाड्या उरल्या की तिथं क्रॉसिंगच पडत नाही आणि हा सगळा खर्च अंगावर येतो. मग काटे काढतात, सिग्नल उतरवतात आणि स्टेशन होतं हाल्ट, म्हणजे नुसता थांबा. तिकिटं कमिशनवरचा एजंट विकतो, नाहीतर गाडीचा गार्डच देतो. गावाच्या लेखी स्टेशन चालू असतं, रेल्वेच्या लेखी तिथला ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकच गाडी सोडायचा टप्पा, संपलेला असतो.

याचा सर्वात नेमका पुरावा म्हणजे टोकनचा, म्हणजे त्या टप्प्यात शिरायच्या परवानगीचा, गोळा. नील्स पद्धतीच्या यंत्रातून निघणारा हा पोलादी गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कडीने ड्रायव्हरकडे दिला जाई. तो ज्या दोन स्टेशनांमधला, त्यांची खूण त्याच्यावर कोरलेली असते. मधलं स्टेशन हाल्ट झालं की दोन्ही बाजूंचे सेक्शन जोडून एक होतो आणि जुने गोळे बाद होतात. गोळ्यावर नाव सापडलं तर तिथं कधीतरी ब्लॉक स्टेशन होतं हे पक्कं. नाव नाही म्हणून स्टेशनच नव्हतं, असं मात्र म्हणता येत नाही. जे पहिल्यापासून हाल्टच होतं, त्याच्या नावाचा गोळा कधी नसतोच.

बार्शी लाइट रेल्वेवर स्टेशन बंद होण्याचं आणखी एक कारण दिसतं. इंग्रज इंजिनीअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने ही लाइन 2 फूट 6 इंच गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या तेवढ्या अंतरावर, उभी केली. एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नाही, म्हणून दर यार्ड (3 फूट) लांबीला 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. 1897 साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, 1911 ला ती लातूरला पोहोचली, 1927 ला दुसरं टोक मिरजेला, आणि 1954 साली सरकारने ती ताब्यात घेतली. नॅरोगेजला 44 मीटर त्रिज्येचं वळणही चालतं, ब्रॉडगेजला किमान 175 मीटर लागतात. त्यामुळे गेज बदलताना जुन्या रेषेवर नवे रूळ टाकले की झालं, असं प्रत्येक ठिकाणी होत नाही. त्यात जुनी गाडी उस्मानाबाद शहरात जातच नव्हती, लोक येडशीला उतरत. 2008 पर्यंत लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली ती उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, मार्गावर घेऊनच. मार्ग असा वळला की जुन्या रेषेचा तुकडा बाजूला पडतो आणि त्याच्यावरची स्टेशनंही.

असा तुकडा शोधताना पहिली चूक होते ती कालव्याच्या बांधाला रेल्वेचा भराव समजण्याची. कालवा जमिनीच्या उंचसखलाप्रमाणे नागमोडी जातो. रेल्वे चढ आला की खोदून जाते, ओढा आला की भरावावरून, आणि भरावाच्या दोन्ही अंगांना माती काढल्याचे लांबट खड्डे असतात. टेप लावून माथ्याची रुंदी मोजा. एकेरी लाइनच्या भरावाचं जुनं माप नॅरोगेजला 3.70 मीटर, मीटरगेजला 4.88 आणि ब्रॉडगेजला 6.10. पावसाने कडा ढासळतात म्हणून माप कमी भरतं, तेव्हा तीन-चार ठिकाणी मोजून मोठ्यात मोठं धरा. लाकडी स्लीपर मिळाला तर आणखी बरं: नॅरोगेजचा सुमारे दीड मीटर लांब, ब्रॉडगेजचा पावणेतीन.

कुंपणाला रोवलेला रुळाचा तुकडा दिसला तर त्याच्या उभ्या पट्टीवरची माती पुसा. कारखान्याचं नाव, वजन आणि साल उठावात असतं. ते साल रूळ तयार झाल्याचं, लाइन सुरू झाल्याचं नव्हे. रूळ दुसरीकडे वापरून इथं आणलेलाही असू शकतो. फोटो घ्या, वस्तू उचलू नका. बेवारस दिसणारी फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टीही रेल्वेची मालमत्ता असते, आणि ती जवळ सापडली तर रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दलचा 1966 चा कायदा लागतो. हद्दीत विनापरवाना शिरलं तर रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

जुन्या वेळापत्रकातले मैल 1.609 ने गुणून आजच्या नकाशावर ठेवले की स्टेशन भलत्याच शेतात पडतं. शून्य कुठून धरलाय ते आधी बघा, आणि मधे मार्ग वळलाय का तेही.

एवढं करूनही जागा पक्की होत नसेल तर उत्तर नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या घाऊक मार्केटातही मिळू शकतं. तिथं बार्शी लाइटच्या वाटेवरच्या कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूरकडचे जुने लोक भेटले तर 'स्टेशन कधी बंद झालं' असं विचारू नका, ते अंदाजे साल सांगतील. तिकीट कोण देत होतं, दोन गाड्या एकमेकींना तिथं थांबायच्या का, माल कुठं उतरायचा, हे विचारा. आणि इंजिन तिथं पाणी घ्यायचं का? 'हो' म्हणाले तर टाकीचा दगडी चौथरा शोधा. वर झाडोरा माजलेला असला तरी तो सहसा जागेवर असतो, आणि जवळपास विहीरही असते.